पेवात पाणी शिरल्यावर

सोलापूर जिल्ह्याची कीर्ती दुष्काळाची. वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि जूनमध्ये आभाळ बरेचदा नुसते तोंड दाखवून जाते. तेव्हा तळघरात पाणी शिरले तर काय करायचे, हा प्रश्न मुंबईकराने किंवा कोकणातल्या माणसाने विचारावा, सोलापूरकराने कशाला, असे कोणीही म्हणेल. पण इथला पाऊस थोडा असला तरी सरळ नाही. त्याचा मोठा वाटा सप्टेंबरच्या आगेमागे पडतो, आणि एखाद्या वर्षी तो दोन-चार रात्रींतच सगळा हिशेब चुकता करतो. १४ ऑक्टोबर २०२० रोजी पंढरपुरात मुसळधार पावसात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांतल्या गावांत शिरली. एरवी उन्हाळ्यात याच नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. अशा पावसानंतर ज्याच्या घराखाली तळघर आहे, वाहनतळ आहे, दुकानाचे गोदाम आहे, त्याची पहिली धाव पंपाकडे असते. पाणी उपसले, गाळ काढला, भिंतीला रंग दिला की पूर संपला, असा समज आहे. जुन्या सोलापूरने मात्र हा विषय दुसऱ्या टोकाकडून धरला होता. जमिनीखालच्या जागेत पाणी आले की ते काढायचे कसे याच्याही आधी, ही पोकळी इथे राहू द्यायची की बुजवायची, हे ठरवावे लागे. आणि ते ठरेपर्यंत कोणी खाली उतरायचे नसे. हा क्रम शहाणपणाचा होता आणि आजच्या घरमालकालाही तोच उपयोगी आहे, असे मला वाटते. तो क्रम कशातून आला हे पाहायचे तर आधी इथल्या माणसाने जमिनीखाली काय काय ठेवले ते पाहिले पाहिजे.

ठेवल्या त्या मुख्यतः दोन गोष्टी: ज्वारी आणि स्वतःचे पाय. ज्वारीसाठी पेव होते, पायांसाठी विणकराच्या मागाचा खड्डा. पेव म्हणजे अरुंद तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा खड्डा. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढे, आत मात्र कुटुंबाचे वर्षाचे धान्य किंवा सावकाराचे कित्येक खंडी धान्य मावेल एवढी जागा. तळाला आणि कडेने कडब्याचा किंवा भुशाचा जाड थर, मध्ये ज्वारी, वर पुन्हा भुसा, तोंडावर दगडी फरशी आणि फरशीवर माती चोपून केलेला उंचवटा, की पावसाचे पाणी चारी बाजूंनी वाहून जावे. घरात कणगी असे, भिंतीत बळद असे; पण उंदीर, कीड, आग आणि लुटारू या चौघांपासून एकदम संरक्षण फक्त पेवच देई. सोलापूरची ज्वारी रब्बीची. मोहोळच्या संशोधन केंद्राने निवडलेली मालदांडी असो किंवा मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी असो, पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. खळे उरकून, दाणा कडक वाळवून पेव भरायचे ते चैत्र-वैशाखात. म्हणजे पेव पोटभर भरलेले असायचे तेव्हाच पुढच्या तीन-चार महिन्यांत वर्षाचा मोठा पाऊस यायचा. पावसाळ्यात रिकामे ठेवू आणि हिवाळ्यात भरू, अशी सोयच नव्हती. दुष्काळी मुलखात धान्य गमावणे म्हणजे काय, हे मंगळवेढ्याला सांगावे लागत नाही. बिदरच्या राजवटीत सरकारी कोठारे उपाशी माणसांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावाची आहे, आणि तिच्यातला इतिहास किती व भक्ती किती हा वाद बाजूला ठेवला तरी साठवलेले धान्य हीच तिच्यातली सर्वांत मोठी संपत्ती आहे.

एवढी जोखीम पत्करून माणसे जमिनीखाली धान्य ठेवत, याचा अर्थ जागेची निवड हे काम हलक्या हाताने होत नसे. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. तिच्यात खणलेल्या खड्ड्याच्या भिंती एका मोसमात ढासळतात, आणि भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी सरळ आत उतरते. म्हणून काळी पिकासाठी आणि पांढरी वस्तीसाठी, ही गावाची जुनी वाटणी पेवालाही लागू होती. पेव गावठाणाच्या उंच भागात, घट्ट पांढऱ्या मातीत किंवा मुरमात खणायचे. वाड्याच्या चौकात, ओट्यासमोर, वेशीच्या आत. कोणत्या बोळात ओल लागते, कोणत्या आळीतले पेव तीन पिढ्या कोरडे आहे, हे ठाऊक असणारी माणसे गावात असत. त्या काळी पुरापासूनचा बचाव भिंत बांधून किंवा पंप बसवून होत नसे, जागा नाकारून होत असे.

हे सगळे नंतर रचलेले कौतुक नाही, याला बराच जुना पुरावा आहे. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथे अनेक मोसम उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथे धान्याच्या कणग्यांच्या बैठका मिळाल्या तशी जमिनीतली खोल कोठारेही मिळाली, चुन्याचा लेप दिलेली. त्याच वस्तीत दगडमातीचा बांध आणि त्याच्या लगत पाट सापडला. पुराचे पाणी वळवण्यासाठी तो असावा असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. धान्य जमिनीखाली ठेवणारी माणसे आणि पाण्याला आपल्या दारातून वळवणारी माणसे एकच होती, हे मला महत्त्वाचे वाटते. दुसरा पुरावा फार लांबचा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. तिथल्या बटसर या प्रायोगिक शेतावर पीटर रेनल्ड्स यांनी १९७० च्या दशकात लोहयुगीन पद्धतीचे धान्यखड्डे प्रत्यक्ष भरून पाहिले. भिंतीलगतचा पातळ थर ओलीने मोडावतो, प्राणवायू वापरून संपवतो, आणि मग आतल्या धान्याचा श्वासच मंदावून ते महिनोन्‌महिने चांगले राहते, असे त्यांना दिसले. आपल्याकडे पेव उघडल्यावर कडेची काळपट, आंबूस ज्वारी बाजूला काढून आतली स्वच्छ ज्वारी घेत, त्याचे कारण हेच. थोडी ओल पेवाच्या मुळावर येत नसे, उलट कामाला येई. मारक होते ते वाहते किंवा साचते पाणी. ओल आणि पाणी यांतली ही सीमा ओळखणे, यातच सगळी विद्या होती.

ती सीमा ओलांडली गेली, म्हणजे पेवात खरोखर पाणी शिरले, तर पहिला प्रश्न पाणी कुठून आले हा. तोंडाची माती खचून वरून आले असेल तर भिजलेला वरचा भाग काढून, बाकीचे धान्य बाहेर घेऊन, उन्हात पसरून, पेव पुन्हा कामाला येण्याची आशा असे. तळातून किंवा कुशीतून पाझरून आले असेल तर गोष्ट वेगळी. मग ती जागाच बदललेली असे. जवळ कुठे नवी विहीर झाली, ओढ्याने काठ बदलला, शेजाऱ्याने न्हाणीचे पाणी वळवले. कारण काहीही असो, असे पेव दुरुस्त करून उपयोग नसे, कारण बिघाड पेवात नसून जमिनीत असे. वरून आलेल्या पाण्याचा इलाज होतो, खालून आलेल्या पाण्याला जागा सोडावी लागते. सुकवायचे ठरले तर आतला सगळा कडबा आणि भुसा बाहेर काढून टाकायचा, एकही जुनी पेंढी परत वापरायची नाही, महिनोन्‌महिने तोंड उघडे ठेवायचे, आत काटक्या-कडबा जाळून भिंती शेकायच्या, मग नव्याने लिंपायचे. नाही तर दगडमाती टाकून बुजवून टाकायचे. भिजलेली ज्वारी गुरांना घालण्याची काटकसर मात्र आज कोणी करू नये; बुरशीचे विष जनावरालाही चढते.

पण या सगळ्याच्या आधी थांबायचे असे, आणि थांबण्याचे कारण शास्त्रीय होते. बंद पेवातले धान्य श्वास घेते, प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते. कोरड्या धान्यात हे हळूहळू होते. भिजलेल्या, आंबू लागलेल्या धान्यात झपाट्याने. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. फरशी बाजूला करून घाईने उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. म्हणून फरशी काढली की पेव काही तास, शक्यतो दिवसभर, उघडे ठेवत. दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडत. तो विझला तर उतरायचे नाही. कंबरेला दोर बांधून, वर माणसे उभी करून उतरायचे. पुरानंतरचे पेव हे सगळ्यांत धोक्याचे पेव असे, कारण मालकाची घाईही तेव्हाच सर्वांत जास्त असे. इथे जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांना एक गोष्ट ऐकवली पाहिजे. पेवात उतरणारा माणूस क्वचितच पेवाचा मालक असे. धान्य ज्याचे तो वर, जीव ज्याचा तो खाली, हीच बहुतेक ठिकाणची रीत. थांबण्याचा नियम सगळ्यांना माहीत असूनही पेवात माणसे मेली, त्यामागे ही वाटणी आहे. मैला साफ करायला संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरी सेप्टिक टाक्यांतले मृत्यू थांबलेले नाहीत. तळघरातला गाळ काढायला रोजंदारीवरचा माणूस लावताना घरमालकाने हे आठवावे. जिथे स्वतः उतरायला आपण धजत नाही, तिथे चारशे-पाचशे रुपयांत दुसऱ्याला उतरवणे ही त्या जुन्या रीतीतली सर्वांत वाईट गोष्ट पुढे चालवणे आहे.

विणकराच्या खड्ड्याची कथा निराळी, कारण तिथे जागा सोडण्याची मुभा नव्हती. पेशवाईपासून आणि पुढे एकोणिसाव्या शतकात निजामी मुलखातून आलेल्या तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबांनी सोलापूरच्या पेठा भरल्या. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे गावात गिरणीही उभी राहिली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, १८७७ ची. पण गिरणीच्या बरोबरीने घरोघर हातमाग चालतच राहिले, आणि त्यांतले बरेच खड्ड्याचे होते. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावड्या दाबून ताण्याचे धागे वरखाली करतो. खड्ड्याचे फायदे तीन. उंच चौकटीचे लाकूड लागत नाही, माग जमिनीला घट्ट बसतो, आणि जमिनीच्या गारव्यामुळे ताणा कोरडा पडून तुटत नाही. सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या कोरड्या उन्हाळ्यात तिसरा फायदा फार मोलाचा. म्हणजे इथेही पेवासारखेच: थोडी ओल हवी, पाणी नको. पण पेव गावातल्या उंच जागी खणता येई. माग तिथेच, जिथे भाड्याची खोली मिळाली, आणि ती खोली बरेचदा पेठेच्या सखल टोकाला, मोरीच्या कडेला. मोठ्या पावसात खड्ड्यात पाणी उभे राहिले की पावड्या काढायच्या, डब्याने पाणी उपसायचे, राख आणि मुरूम टाकायचा आणि वाट पाहायची. रस्त्यावर ताणा पसरून त्याला पिठाची खळ द्यायचे काम तर पावसात बंदच. खळ दिलेले सूत ओलीत राहिले की पिठावर बुरशी धरते आणि अख्खा ताणा काळे ठिपके घेऊन वाया जातो. थांबलेल्या दिवसांची मजुरी कोणी देत नसे. शेतकऱ्याचे शहाणपण त्याला जागा बदलू देत होते. विणकराला तेच शहाणपण असून पर्याय नव्हता. पुढे यंत्रमाग आले, चादर आणि टॉवेलचे सोलापूर झाले, खड्डे बुजले. ते बुजण्याचे कारण पाणी नव्हते, बाजार होता.

आता जागा निवडण्याच्या या विद्येवरचा पहिला आक्षेप. जी पेवे टिकली तीच आपल्याला दिसतात. जी बुडाली ती बुजवली गेली, त्यांची नोंद नाही. मग जुन्या लोकांना जागा कळत होती असे म्हणणे म्हणजे जिंकलेल्यांचीच साक्ष काढणे नव्हे का? आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याला मोडत नाही, उलट धरून आहे. जुन्या माणसांना जमिनीचे सगळे कळत होते असा माझा दावा नाही. त्यांच्या चुका खड्ड्याच्या रूपाने जागेवर उरत नसत, कारण चुकलेला खड्डा बुजवायची पद्धत होती, एवढाच दावा आहे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे, आणि तो सांगलीहून येतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे पिढ्यान्‌पिढ्या होती. हळद त्यांत वर्षानुवर्षे टिके, रंग आणि वास राखून. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळताना या पेवांचाही उल्लेख झाला. २००५ च्या महापुरात पाणी या पेवांत शिरले, हळद कुजली आणि व्यापाराचा मोठा भाग गोदामांकडे व शीतगृहांकडे वळला. नदीकाठीच पेवे, मग निवडीची विद्या कुठे गेली? उत्तर असे की ही विद्या आठवणीवर उभी होती. जितके पूर गावाला आठवतात, तितक्यांच्या वर पेव. नदी आठवणीच्या पलीकडे चढली की विद्या हतबल होते. पण २००५ नंतर व्यापाऱ्यांनी काय केले ते पाहा. बुडालेली सगळी पेवे दुरुस्त करून पुन्हा तिथेच सगळा माल भरण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. जमिनीचा निकाल त्यांनी मान्य केला. २०१९ मध्ये कृष्णा पुन्हा चढली तेव्हा तो निर्णय किती रास्त होता हे कळले.

आठवणीवर भिस्त ठेवण्यात सोलापूरला आज आणखी एक अडचण आहे. जमीनच ती राहिलेली नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले, कालवे आले, ज्वारीच्या रानात ऊस आला. कालव्याच्या झिरप्याने आणि बारमाही पाण्याने लाभक्षेत्रात भूजल वर आले. काही ठिकाणी रान पाणथळ आणि खारवट झाले. आजोबांच्या काळी वैशाखात मुरूम धूळ होऊन उडे, त्याच जागी आता खोल खणले की ओल लागते. शहरातही तेच, कारणे वेगळी. सोलापूर शहर मोठ्या नदीवर नाही, म्हणून पूर आपल्याला लागत नाही असा इथला जुना समज. पण ओढे आणि नाले होतेच, आणि त्यांच्या काठांवर, कधी थेट पात्रात, वस्ती चढली. अंगणे फरशीखाली गेली, पाणी मुरायला जागा उरली नाही, आणि एका सांजेच्या पावसाचे पाणी सखल भागात जमा होऊ लागले. त्यात जमिनीखाली बांधकाम झाले की ते बहुधा सिमेंटचे, भोवती काळी माती भरलेले. ही माती भिजून फुगली की भिंतीला बाहेरून रेटते. जुने पेव मातीत मातीच्या रीतीने होते. आजचे तळघर मातीशी कुस्ती खेळत उभे असते.

म्हणून पंपाची घाई इथे विशेष घातक. तळघर पाण्याने भरलेले असते तेव्हा आतले पाणी भिंतींना आतून आधार देते आणि बाहेरची भिजलेली माती बाहेरून दाबते. आतले पाणी एकदम काढले की दाब एकाच बाजूने राहतो; भिंत आत फुगते, फरशी वर उचलते, क्वचित ढासळते. अमेरिकेच्या आपत्ती निवारण संस्थेचा, फेमाचा सल्ला साधा आहे: बाहेरचे पाणी ओसरू द्या, मग फूटभर पाणी काढा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी खुणेच्या वर आले असेल तर जमीन अजून भरलेली आहे, उपसा थांबवा. ही खूण करणे आणि रात्रभर थांबणे म्हणजे पेवाच्या मालकाने विचारलेला तोच प्रश्न: पाणी वरून आले की खालून? कंदिलाची चाचणी मात्र आज करू नये. पेवात कर्बवायू होता, आजच्या तळघरात गाड्यांचे पेट्रोल असते, गळके सिलिंडर असतात, सांडपाण्यातले मिथेन असते. ज्योत खाली सोडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. थांबण्याची जुनी शिस्त घ्यायची, तिचे जुने साधन नाही. दारे-झरोके उघडून हवा खेळती करायची. मीटरचा बोर्ड कोरड्या जागेत असेल तरच मुख्य खटका बंद करायचा. बोर्ड पाण्यात असेल तर महावितरणकडून खांबावरून वीज तोडून घेईपर्यंत पाण्यात पाय नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या वीज गेल्यावरही जिवंत असतात, हे बरेच जण विसरतात. डिझेलचा पंप किंवा जनरेटर तळघरात किंवा त्याच्या तोंडाशी चालवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पेवातल्या वायूइतकाच निःशब्द मारतो.

पाणी गेल्यावर काय काढायचे आणि काय ठेवायचे, यात पेवाचा कडबा हा उत्तम गुरू आहे. पाणी पिणारी कोणतीही वस्तू परत वापरायची नाही. प्लायवूडची कपाटे, जिप्समचे पडदे, गाद्या, पुठ्ठ्याची खोकी, हा आजचा कडबा. एक-दोन दिवसांत त्याच्यावर बुरशी धरते, आणि मग घरातल्या दम्याच्या माणसाला वर्षभर ती सोसावी लागते. दगड, वीट, लोखंड धुऊन ठेवता येते. फुगलेला गिलावा तोडावा आणि भिंत उघडी ठेवून वाळू द्यावी. उघडी किती दिवस, याचे उत्तर सोलापूरच्या हवेत सोपे आहे: ऑक्टोबर हीटचा इथे पहिल्यांदाच उपयोग. जमिनीतली पिण्याच्या पाण्याची टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, ब्लिचिंगने धुतल्याशिवाय वापरू नये. गाळात अनवाणी उतरल्याने लेप्टोस्पायरोसिस होतो हे २६ जुलै २००५ च्या पुरानंतरच्या मुंबईने पुरेसे भोगले. आणि घासायला सुरुवात करण्याआधी पाण्याच्या पातळीचे, बुडालेल्या वस्तूंचे फोटो काढावेत. तलाठ्याचा पंचनामा असो की विमा कंपनीचा सर्वेक्षक, स्वच्छ केलेल्या तळघरात नुकसान सिद्ध होत नाही. घाईने केलेली सफाई अशी आणखी एका अर्थाने महाग पडते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. पेव बुजवायला दोन बैलगाड्या माती पुरे. लाखो रुपयांचे तळघर कोण बुजवेल? इमारतीचा पाया त्याच्यावर, गाड्या लावायला दुसरी जागा नाही. मान्य. पण बुजवणे म्हणजे माती भरणेच असे नाही. त्या जागेचा वापर एक पायरी खाली आणणे हेही बुजवणेच. दिल्लीत २७ जुलै २०२४ रोजी राजेंद्रनगरमधल्या एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पाणी भरून तीन विद्यार्थी बुडाले. ती जागा साठवणीसाठी होती, तिथे वाचनालय चालत होते. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये ऑगस्ट २०२२ च्या पावसात अर्ध्या-तळघरातल्या बंजिहा खोल्यांत माणसे बुडाली, तेव्हा अशा घरांतून वस्ती हलवण्याची गोष्ट सुरू झाली. आपल्याकडची राष्ट्रीय इमारत संहिता तळघराच्या भिंती व तळ पाण्याला अभेद्य ठेवायला आणि रस्त्याचे पाणी आत येऊ न द्यायला सांगते. पण एकदा वापर परवाना मिळाल्यावर तळघरात खरेच पाणी आले का, हे विचारायला कोणी येत नाही. एकदा पाणी आलेल्या तळघरात माणसाने झोपू नये, अभ्यासाला बसू नये, आणि तिथे विजेचे मीटर, लिफ्टची यंत्रणा, कागदपत्रे, औषधे किंवा कापडाचा साठा ठेवू नये. ठेवायचीच तर वाहने, आणि तीही हवामान खात्याचा इशारा आल्यावर रात्रीच वर काढावीत. खालून दुसऱ्यांदा पाणी आले तर तळघरावर पुन्हा खर्च करण्याऐवजी मीटर आणि पंप पहिल्या मजल्यावर नेण्याचा खर्च करावा. सोसायटीच्या सभेत या ठरावाला विरोध होतो तो बहुधा पावसाळा संपल्यावर, डिसेंबरात, भिंत वाळल्यावर. तेव्हा जुन्या पाण्याची रेघ तळघराच्या भिंतीवर रंगाखाली न झाकता तशीच ठेवावी, आणि घर विकताना घेणाऱ्याला ती दाखवावी.